घरी चालेल

आकडा आधी आला, आई नंतर.

म्हणजे झालं असं, की मॉलमधल्या त्या नव्या दुकानात, जिथं बायकांचे आतले कपडे दागिन्यांसारखे वर दिवे सोडून मांडले होते, मी एका खांबाला टेकून उभा होतो आणि समोर ट्रायल रूमचा पडदा रुंदीला वीतभर कमी पडत होता. त्या फटीतून एक पाठ दिसली. पाठ दिसली की मला आकडा येतो. मी आणत नाही, तो येतो, ढेकर येतो तसा. छत्तीस सी. त्यानंतर डोळ्यांनी हळूहळू बाकीचा हिशेब लावला : डावा पट्टा पांढरा, उजवा कातडीच्या रंगाचा, मागचा हूक गेलेला आणि त्या जागी सेफ्टी पिन, दोन्ही खांद्यांवर बैलगाडीची चाकं रोज त्याच वाटेनं जावीत तशी खोल चाकोरी. डाव्या बगलेखाली चिकटपट्टी, तिच्या कडेनं लालसर काहीतरी. मला किळस आली. त्या बाईची नाही, तिला हा माल देणाऱ्याची, कारण धंद्यातल्या माणसाला गिऱ्हाइकाची दया येण्याआधी दुसऱ्या दुकानदाराची किळस येते. तेवढ्यात त्या पाठीच्या पलीकडच्या आरशात चेहरा वर आला आणि तो आईचा होता. तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. दोघांपैकी कुणीही ओळख दाखवली नाही. लग्नाकार्यात नको असलेला नातेवाईक दिसावा तसे आम्ही दोघं एकमेकांवरून नजर सरकवून पुढे गेलो, फक्त ती कुठे जाणार, ती पडद्याआडच होती. मी सरकत्या जिन्यावरून खाली आलो. सरकत्या जिन्यावर माणसाला उलटी करता येत नाही, हे मला तिथं कळलं. उलटी मागेच राहते आणि आपण पुढे जातो.

मला तिथं बाबांनीच पाठवलं होतं. नव्या दुकानाची दर्शनी खिडकी कशी आहे, पुतळ्यांना डोकी आहेत का, पडदा कसा आहे, हे बघून यायला. आमचं दुकान जुन्या पेठेत, गल्लीच्या कोपऱ्यावर, आजोबांनी काढलेलं, बाबांनी वाढवलेलं आणि माझ्या गळ्यात येऊ घातलेलं. बाबांना अख्खी गल्ली टेपकाका म्हणते, कारण त्यांनी आयुष्यात कधी टेप हातात धरलेली नाही. माप नजरेनं देतात. त्यांची पद्धत अशी, की मान खाली, डोळे काउंटरच्या काचेवर. गिऱ्हाईक समोर आलं की नजर एकदाच वर जाते, खांद्यापर्यंत, तिथून खाली उतरते आणि परत काचेवर येते. मग आकडा, मग मागे वळून खोका. चेहरा बघायचा नाही. ‘चेहऱ्याला माप नसतं,’ बाबा मला सांगत. ‘आणि चेहऱ्याकडे बघितलं की बाई लाजते. ती लाजली की आपण लाजतो. दोघं लाजले की माल विकला जात नाही.’ बायकाही खाली मान घालून कुजबुजतात. कुजबुजीला आवाज नसतो. कुजबुजताना सगळ्या बायका एकच बाई होतात. अशी ती एकच बाई रोज सकाळपासून दिवे लागेपर्यंत बाबांसमोर येते आणि बाबा तिला दर वेळी वेगळा आकडा सांगतात. चुकीचं माप घालून आलेली कुणी असली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, काचेकडे बघत म्हणायचं : ‘याआधी कुणी दिलं तुम्हाला? डोळे नव्हते का त्याला?’ बाई हसते. तिला बरं वाटतं. चूक आपल्या अंगाची नव्हती, कुणातरी आंधळ्या दुकानदाराची होती, हे ऐकायला माणूस कितीही लांबून येतो.

ही नजर माझ्यात कधी उतरली ते मला माहीत नाही. गोवर कधी आला हे कुठं माहीत असतं? कॉलेजात इतिहासाच्या बाईंनी फळ्याकडे तोंड केलं की मला युद्धांची सालं दिसायची नाहीत, दुसराच आकडा दिसायचा. मित्रांना वाटायचं, काय नशीब आहे लेकाचं. खाटकाला बकरी बघून जेवढी मजा वाटत असेल तेवढी मजा यात आहे. बसमध्ये आकडे चढतात, आकडे उतरतात, एक आकडा दुसऱ्या आकड्याला जागा देतो. एकदा एका मुलीबरोबर कॉफी प्यायला गेलो होतो. मुलगी चांगली होती, कविता वगैरे वाचणारी, माझ्या विनोदांना उशिरा पण मनापासून हसणारी. ती तिच्या आजीबद्दल काहीतरी गंभीर सांगत होती आणि मी मधेच म्हणालो, ‘तुम्ही एक नंबर लहान घालताय.’ हे मी काळजीनं म्हणालो होतो. पुढचं ठरलेलं वाक्यही माझ्या तोंडात तयार होतं, पण ती तोवर उठून गेली होती. कपातली अर्धी कॉफी बघत मी बसलो आणि स्वतःची एवढी शिसारी आली, की तिचीही कॉफी मीच संपवली. शिक्षा म्हणून.

तर मॉलमधून परत येऊन मी बाबांना खबर दिली. पुतळ्यांना डोकी आहेत, म्हटलं, पण डोळे मिटलेले आहेत. दिवे पिवळे. पोरी टेप लावून माप घेतात. ‘टेप!’ बाबा आत्याकडे बघून हसले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, ट्रायल रूमच्या दाराशी स्टुलावर बसून राज्य करणारी. ‘आणि पडदा?’ बाबांनी विचारलं. ‘रुंदीला वीतभर कमी आहे,’ मी म्हणालो. बाबांचा चेहरा उजळला. ‘बघ. आपला दोन्ही भिंतींना भिडतो, जमिनीला टेकतो.’ ‘टेकतो कसला, लोळतो,’ आत्या म्हणाली, ‘रोज झाडते मी.’ त्या फटीतून काय दिसलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? छत्तीस सी?

दुकानाला पन्नास वर्षं होत होती आणि बाबांनी ठरवलं होतं, की खिडकीत आतल्या कपड्यांचा इतिहास मांडायचा. मॉलवाल्यांकडे दिवे असतील, आपल्याकडे इतिहास आहे. मी इतिहासात बी. ए. केलेलं, त्यामुळे पाट्या लिहिणं माझ्याकडे. पदवीचा हा पहिला उपयोग. आठवडाभर मी पुस्तकं उलथीपालथी करत होतो आणि जेवणावरची वासना उडत चालली होती. कॉर्सेट म्हणजे देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या. देवमासा ज्यांनी समुद्र गाळून घेतो, ज्यांत आयुष्यभर कुजक्या कोळंब्या अडकतात, त्या उपटून, उकळून, तासून बायकांच्या बरगड्यांभोवती आवळायच्या आणि दिवाणखान्यात बसवून विचारायचं, बाईसाहेब, फिकट का दिसता? मग पोलादी कड्यांचा पिंजरा, त्यावर घेरदार झगा. शेकोटीजवळून जाताना झगा पेट घ्यायचा आणि आतली बाई पिंजऱ्यातून बाहेर निघू शकायची नाही. मग युद्ध आलं, तोफांना पोलाद कमी पडलं, तेव्हा सरकारं म्हणाली, बायांनो, कॉर्सेट घेऊ नका. म्हणजे इतकी वर्षं बायका अंगावर तोफा घालून स्वयंपाकघरात हिंडत होत्या. एका तरुणीनं पार्टीला जाताना वैतागून दोन हातरुमाल फितीनं जोडले आणि अख्ख्या धंद्याला कलाटणी मिळाली. पुढे रबराचे पट्टे आले, आतली कातडी वाफेवर शिजवल्यासारखी व्हायची. मग गोल गोल शिलाईचे टोकदार सुळके, जणू बाई कुणाच्या अंगावर चालून जाणार आहे. आणि खेळाडू बायकांसाठी पहिला नमुना तयार झाला तो पुरुषांचे लंगोटवजा दोन पट्टे एकमेकांना शिवून. इथं मी पुस्तक मिटलं. इतिहास पुढे जातो म्हणजे दोन वस्तू सापडल्या की त्या शिवतो.

पाट्या बाबांनी तपासल्या. ‘देवमासा काढ. वास येतो.’ मी काढला. ‘छाती काढ. छाती पुरुषांची असते.’ ‘मग काय लिहू?’ ‘वरचा भाग.’ ‘कशाचा?’ ‘बाईचा.’ ‘बाईचा वरचा भाग म्हणजे डोकं होतं, दादा,’ आत्या स्टुलावरून म्हणाली. बाबांनी विचार केला. ‘अंतर्वस्त्र लिही. त्या शब्दाला अंग नसतं.’ शेवटी सगळ्या पाट्यांवर अशी भाषा झाली, की परग्रहावरून कुणी वाचल्या असत्या तर त्याला वाटलं असतं, हे कपडे कपाटं घालतात. पेटलेल्या पिंजऱ्याची पाटी तेवढी बाबांनी दोनदा वाचली. ‘खरं आहे हे?’ ‘खरं.’ ‘आणि दुकानदार विकत राहिले?’ ‘मागणी होती.’ बाबा खरोखर हळहळले. ‘डोळे नव्हते का रे त्यांना,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढी माया होती, की मला तिची चीड आली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जळालेल्या परक्या बाईसाठी या माणसाचा जीव तुटतो, आणि घरी गेल्यावर हा पेपर वाचतो.

आमच्या घरात एक शब्द पाण्यासारखा वाहतो : घरी चालेल. माल आला की बाबा प्रत्येक नग उजेडात धरून तपासतात. एक कप मोठा एक लहान, शिलाई वाकडी, पट्टे दोन रंगांचे, कपाखालची तार बाहेर आलेली, असं काही निघालं की तो सेकंडचा माल, आणि सेकंडचा माल आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही. टेपकाकांचं नाव आहे. गिऱ्हाइकांनी दोन दिवस वापरून परत आणलेला नगही परत विकत नाही. हे सगळं एका पिशवीत जातं, पिशवी घरी येते, आणि दारातच बाबा म्हणतात, ‘घरी चालेल.’ मी लहानपणी पाटी लेसनं पुसली आहे. आमच्याकडे भांडी साटिननं पुसतात. माझ्या दप्तराला आतून स्लिपचं अस्तर होतं आणि डबा उघडला की पोळीला नव्या इलॅस्टिकचा वास यायचा, तो कोंदट, रबरी, उन्हात विसरलेल्या फुग्याचा वास. आजही दुकानात शिरताना तो घशाशी येतो. हे सगळं आम्हाला विनोदाचं होतं, आम्ही पाहुण्यांना हसत सांगायचो. त्या पिशवीतलं आई काय घेते, हे मात्र कधी कुणी पाहिलं नाही. तिचे कपडे दोरीवर नेहमी टॉवेलखाली वाळत. अख्ख्या गावाला उघड्यावर आतले कपडे विकणाऱ्या घरात हा एवढा आडपडदा बघून मला गंमत वाटायची. म्हटलं, जुन्या वळणाची आहे, लाजते. ती लाजत नव्हती. ती दुकानाचा दोष झाकत होती. टेपकाकांच्या बायकोच्या दोरीवर दोन रंगांचे पट्टे दिसले असते, तर शेजारणींनी काय म्हटलं असतं? दुसऱ्या बायांनी घामेजवून परत केलेले नग धुऊन, वाकडी तार पक्कडीनं दाबून, पिना लावून ती बाई इतकी वर्षं आमच्या दुकानाचं नाव सांभाळत होती. आणि आईचा वास म्हणून मला जो लहानपणापासून माहीत आहे, तिच्या कुशीत शिरलं की येणारा, कापरासारखा, जरा तिखट, तो मलमाचा वास होता. मलमाचा. मी या वासावर शाळेत निबंध लिहिला होता.

मॉलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानात गेल्यावर ती ओट्याशी कांदा चिरत होती. मी पाणी प्यायला गेलो, तहान नसताना.

‘तू तिथं काय करत होतास?’ तिनं विचारलं.

‘बाबांनी पाठवलं होतं. खिडकी बघायला.’

‘दिसली?’

‘दिसली.’

ती चिरत राहिली. कांदा बारीक होता, गरजेपेक्षा खूपच बारीक.

‘घेतलंस काही?’ मी विचारलं.

‘नाही. ती पोरगी टेप घेऊन आली, म्हणाली, आंटी, हात वर करा. विमानतळावर करतात तसं. मला हसूच आलं. मग तिनं पाहिलं नि म्हणाली, अगंबाई, हे तुम्हाला दिलं कुणी?’ आईनं चिरलेला कांदा कडेला सारला. ‘तिला काय सांगू? म्हटलं, गावाकडून आणलं.’

‘तार लागलीय तुला.’

‘जुनीच आहे. अधूनमधून उघडते.’

‘मग बाबांना सांग ना.’

‘काय सांगू? तुझे बाबा बाईकडे बघून सांगतात. बाईनं त्यांना सांगायचं नसतं.’ हे ती चक्क अभिमानानं म्हणाली. ‘टेप लावून कुणीही देईल.’

‘मी आणतो. मला तुझं माप...’ मी म्हणालो आणि तिथंच थांबलो. आईनं चाकू खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला कळलं, की हिला कळलं. मी धंद्यात तयार झालो आहे हे तिला कळलं. कुठल्याही आईला मुलगा तयार झाल्याचं कळलं की बरं वाटतं म्हणे. तिनं पदर नसताना पदर सारखा केल्यासारखा स्वेटर गळ्याशी ओढला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. दोरीवर टॉवेल होता. मी टॉवेलकडे पाठ करून बसलो.

वर्धापनदिनाला खिडकीसमोर ही गर्दी. लोकांना इतिहास आवडतो, विशेषतः आतला. कॉर्सेटच्या पुतळ्यासमोर एक गृहस्थ बायकोला सांगत होते, ‘बघ, आधीच्या बायका किती सोसायच्या,’ आणि बायको दोन पिशव्या दोन हातांत घेऊन ऐकत होती. आत काउंटरवर रांग लागली होती. बाबा रंगात आले होते. मी शिडीवर उभा राहून वरचे खोके काढून देत होतो आणि खालून बाबा बोलत होते : रोजची, कापसाची, बिनपट्ट्यांची, पाजणाऱ्या आईची पुढून उघडणारी, धावायची, फुगवणारी, दाबणारी, सासूला दाखवायची, सासूपासून लपवायची. हा शेवटचा विनोद ते वर्षातून एकदाच करतात. शिडीवरून बायका नुसते खांदे दिसतात. बत्तीस बी. अडतीस डी. चौतीस बी, पण सांगणार चौतीस सी. छत्तीस सी.

मी शिडी धरली. राखाडी स्वेटर, चेन तुटलेली पर्स. ती रांगेत उभी होती. पुढच्या बाईला ‘तुमचा नंबर आधी का?’ असं रीतसर विचारत होती. तिनं एकदा मान वर करून मला पाहिलं आणि डोळ्यांनीच गप्प बसवलं, लहानपणी पाहुण्यांसमोर बसवायची तसं. मला ओरडावंसं वाटलं, बाबा, वर बघा. स्वेटर बाबांनीच आणलेला होता, पण बाबांना कपडा कुठं दिसतो, त्यांना कपड्याच्या आतलं दिसतं. रांग सरकली. ती काउंटरशी आली.

‘काय दाखवू?’ बाबा काचेला म्हणाले.

‘रोजचं,’ आई कुजबुजली. सगळ्या बायका कुजबुजतात तसं.

बाबांची नजर वर गेली, खांद्यापाशी थांबली, खाली उतरली, काचेवर आली. ‘छत्तीस सी,’ ते म्हणाले. एका दमात, सहज. खोका मागे हाताशीच होता. झाकण उघडून त्यांनी नग काचेवर पसरला, तो उजेडात धरून तपासला, शिलाईवरून अंगठा फिरवला. हे त्यांना येत होतं. सगळं येत होतं. काउंटरच्या त्या बाजूला ती उभी राहिली की लगेच येत होतं. मग बाबांच्या कपाळाला आठी पडली. नजर पुन्हा एकदा तिच्या डाव्या बाजूला गेली, आणि त्यांच्या आवाजात ती माया आली, जळालेल्या बाईसाठी आली होती तीच.

‘पट्टा रुततोय तुम्हाला. तारही लागत असेल या अंगाला. बरीच वर्षं लागत असणार. याआधी कुणी दिलं हे? डोळे नव्हते का त्याला?’

रांगेतल्या बायका हसल्या, नेहमीसारख्या.

‘होते,’ आई म्हणाली. आता ती कुजबुजली नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या आवाजात म्हणाली. ‘पण दुकान बंद केलं की इथंच ठेवून घरी यायचे ते.’

बाबांचा अंगठा शिलाईवर थांबला. त्यांची नजर काचेवरून उठली, खांद्यापर्यंत आली, तिथं सवयीनं अडली, आणि मग त्या रस्त्यानं कधी न गेलेल्या माणसासारखी चाचपडत वर चढली : गळा, हनुवटी, तोंड. ती डोळ्यांपर्यंत पोचायला फार वेळ लागला. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, ‘काका, लवकर.’ आईनं काचेवरचा नग उचलला. ‘घालून बघते,’ ती म्हणाली, ‘बसला तर नेते.’ आत्या स्टुलावरून उठली. तिला उठलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. ‘ये वहिनी,’ ती म्हणाली आणि पडदा एका हातानं बाजूला धरला. आई आत गेली. पडदा जमिनीवर लोळला आणि कडेला एक बोटभरही फट उरली नाही.

पुढची बाई काउंटरशी आली, मान खाली घालून काहीतरी कुजबुजली. बाबांनी तिच्या खांद्याकडे बघितलं. काचेकडे बघितलं. परत खांद्याकडे. मग पडद्याकडे. बाई वाट बघत होती, तिच्या मागे रांग वाट बघत होती, शिडीवर मी वाट बघत होतो.

‘जरा थांबा हं,’ बाबा तिला म्हणाले, तिच्या तोंडाकडे बघून, त्यामुळे ती लाजली. मग त्यांनी मान वर केली.

‘काय रे,’ ते मला म्हणाले, ‘आपल्याकडे टेप आहे का?’

आपल्याकडे टेप नव्हती.